कांद्याच्या मुळात सूत्री विभाजन: गावच्या प्रयोगशाळेत स्लाइड कशी करायची

सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याची, स्लाइड बिघडते ती बहुतेक वेळा दोन-तीन दिवस आधीच, कांदा पाण्यावर ठेवताना. मूळ जोमानं वाढत नसेल तर त्यात पेशी विभागत नसतात, आणि मग रंग कितीही चांगला वापरा, गुणसूत्रं दिसणार नाहीत. म्हणून रंगाच्या आधी मुळाकडे लक्ष द्यायचं. खालची पद्धत अशा शाळेसाठी आणि ज्युनिअर कॉलेजसाठी आहे जिथे वॉटर बाथ नाही, लाइनचा भरवसा नाही आणि आरशाचा एखादाच मायक्रोस्कोप आहे. तेवढ्यावर उत्तम काम होतं.

कांदाच का, हे आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडे सरकी आणि सोयाबीन घरोघरी असतं आणि मुलं तेच उगवून आणतात. अमेरिकन कपाशीच्या पेशीत 52 गुणसूत्रं असतात, सोयाबीनमध्ये 40, आणि दोन्हींची फार बारीक असतात. शाळेच्या मायक्रोस्कोपखाली नुसते ठिपके दिसतात. तुरीची 22 आणि हरभऱ्याची 16, पण तीही लहानच. कांद्याची 16 गुणसूत्रं लांब आणि जाड असतात, 400 पटीवर त्यांच्या भुजा वेगळ्या ओळखू येतात. लसणाचीही 16, तीही मोठी. भंडारा-गोंदियाकडे लाखोळीचा दाणा सहज मिळतो. तिची गुणसूत्रं फक्त 14 आणि आकारानं चांगली मोठी, त्यामुळे कांदा हाताशी नसेल तेव्हा ओल्या कापडात उगवलेली लाखोळी घ्यायला काहीच हरकत नाही. वाटाण्याचंही तसंच, त्यातही 14.

मुळं वाढवणं

लहान कांदा घ्या, साधारण तीन-चार सेंटिमीटर जाडीचा. तो चहाच्या ग्लासच्या तोंडावर बसला पाहिजे. लाल, पांढरा, कोणताही चालतो. नुकताच वावरातून काढलेला उन्हाळी कांदा मात्र टाळा. काढणीनंतर काही आठवडे तो सुप्तावस्थेत असतो आणि पाण्यावर ठेवूनही मुळं फुटत नाहीत. साठवणीतला, वर हिरवा कोंब डोकावू लागलेला कांदा सर्वांत चांगला. बुडाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडनं खरवडून काढा, पण बुडाची चकती कापू नका. नवी मुळं त्या चकतीच्या कडेनंच फुटतात.

कांदा ग्लासमध्ये घसरत असेल तर त्याला तीन बाजूंनी तुऱ्हाटीच्या बारीक काड्या टोचून ग्लासच्या काठावर टेकवा. पाणी बुडाला जेमतेम लागलं पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर. अर्धा कांदा पाण्यात बुडवला की तो कुजतो, पाण्याला वास येतो आणि मुळं पिवळी पडतात. पाणी रोज बदला, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा.

पाणी कोणतं, हा प्रश्न पश्चिम विदर्भात महत्त्वाचा आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं, त्यात मुळं आखूड आणि जाडसर राहतात, विभाजन मंदावतं. तिथे साठवलेलं पावसाचं पाणी, आरओचं पाणी किंवा बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरा. ग्लास नवा किंवा घरातला असावा. फवारणीचं औषध मोजायला वापरलेलं भांडं कितीही धुतलं तरी घेऊ नका. कीटकनाशकं आणि तणनाशकं मुळाच्या टोकातलं विभाजन रोखू किंवा बिघडवू शकतात. गुणसूत्रं मागे राहतात, दोन गटांमध्ये पूल राहतो, आणि नेहमीचं विभाजन पाहायला बसलेलं मूल त्या विकृतीलाच खरं समजून चित्र काढतं. कांद्याच्या मुळावर रसायनांचा परिणाम तपासण्याची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 मध्ये कोल्चिसीन या विभाजन अडवणाऱ्या रसायनाचा परिणाम कांद्याच्याच मुळात दाखवला होता. याच लेव्हान यांनी 1956 मध्ये जो हिन त्जिओ यांच्यासोबत माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात हे नक्की केलं.

मुळांना 20 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे यासाठी काही वेगळं करावं लागत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 वर गेला की खोलीतलं पाणीही कोमट होतं. तेव्हा ग्लास माठाला लागून ओल्या वाळूत ठेवा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा. दोन ते चार दिवसांत दीड-दोन सेंटिमीटरची पांढरीशुभ्र, ताठ मुळं मिळतात. तीच वेळ कापायची. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, टोकाशी तपकिरी झालेली मुळं घेऊन उपयोग नाही.

कापणं आणि जागच्या जागी थांबवणं

मुळं सकाळी कापा, आठ ते दहाच्या दरम्यान. या वेळेत विभागणाऱ्या पेशी जास्त मिळतात असा नेहमीचा अनुभव आहे, पण तापमान आणि ऋतूप्रमाणे वेळ मागेपुढे होते. तुमच्या खोलीतली वेळ नक्की करायची असेल तर आठ, दहा आणि बारा वाजता एकाच कांद्याची तीन-तीन मुळं वेगवेगळ्या बाटल्यांत टाका आणि कुठल्या बाटलीत विभाजन जास्त ते पाहा. एकदा कळलं की त्या हंगामापुरता प्रश्न मिटतो.

टोकाकडचा एक सेंटिमीटर तुकडा कापून लगेच स्थिरक द्रावात, म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत थांबवणाऱ्या द्रावात, टाकायचा. द्राव असा: तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. वीस तुकड्यांसाठी 15 मिली आणि 5 मिली पुरे. शुद्ध अल्कोहोल मिळत नसेल तर 95 टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट चालतं. हा द्राव त्याच दिवशी बनवायचा. ठेवून दिला की अल्कोहोल आणि आम्ल एकमेकांत मिसळून एस्टर बनत जातं आणि त्याचा जोर कमी होतो. किराण्यातला व्हिनेगर यात वापरू नका, त्यात ॲसिटिक ॲसिड चार-पाच टक्केच असतं.

थंडीच्या दिवसांत ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची बाटली उघडली आणि आत पांढरा दगड दिसला तर घाबरू नका, ते खराब झालेलं नाही. ते 16.6 अंशाला गोठतं, आणि जानेवारीत विदर्भातल्या रात्री त्याहून बऱ्याच खाली जातात. बाटली बूच सैल करून कोमट पाण्यात उभी ठेवा, पातळ होतं. आचेवर मात्र धरायची नाही. त्याची वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, म्हणून ओतायचं काम खिडकीजवळ करा.

तुकडे स्थिरकात 24 तास राहू द्या. त्यानंतर 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवले तर अनेक आठवडे टिकतात. सगळ्या वर्गाला एकाच सकाळी मुळं कापायला लावण्यापेक्षा शिक्षकांनी एकदाच पन्नास-साठ तुकडे स्थिर करून ठेवणं सोयीचं. परीक्षेच्या दिवशी कांद्यानं दगा दिला तरी काम अडत नाही.

आम्लात मऊ करणं

पेशीभित्तिका एकमेकींना पेक्टिनच्या थरानं चिकटलेल्या असतात. तो थर सैल झाल्याशिवाय मूळ दाबलं तरी पेशी सुट्या होत नाहीत. शिजलेली तुरीची डाळ बोटानं दाबली की पसरते आणि कच्ची घसरून उडते, तसंच इथे होतं. हे काम 1 नॉर्मल (नॉर्मल हे द्रावाच्या तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक ॲसिड करतं. तीव्र आम्ल साधारण 12 नॉर्मलचं असतं. म्हणजे 100 मिलीसाठी 92 मिली पाणी आधी भांड्यात घ्यायचं आणि त्यात 8.3 मिली आम्ल हळूहळू सोडायचं. आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही, उष्णतेनं ते अंगावर उडतं.

तुकडे परीक्षानळीत दोन मिली आम्लात टाका आणि नळी 60 अंशाच्या पाण्यात पाच ते आठ मिनिटं ठेवा. वॉटर बाथ नसेल तर हिशेब सोपा आहे. थंडीत साधं पाणी 25 अंशाच्या आसपास असतं, त्यात तेवढंच उकळतं पाणी मिसळलं की 60-62 अंश होतं. उन्हाळ्यात पाणीच 35 अंशाचं असतं, तेव्हा उकळतं चार भाग आणि साधं सहा भाग घ्या. भांडं स्टीलचं असेल तर फडक्यात गुंडाळा, नाहीतर तीन मिनिटांतच पाणी निवतं. थर्मामीटर पाण्यात उभा ठेवून बघत राहा, 55 च्या खाली आलं की थोडं गरम पाणी वाढवा.

वेळ चुकली तर परिणाम स्पष्ट दिसतो. कमी झालं तर दाबल्यावर पेशींचे गठ्ठेच राहतात. जास्त झालं, बारा-पंधरा मिनिटं, तर तुकडा चिमट्यात धरताच त्याचा लगदा होतो आणि पुढे द्यायचा कारमाइनचा रंगही फिका बसतो. म्हणून या टप्प्यानंतर चिमटा बाजूला ठेवा. पाणी ड्रॉपरनं काढा, ड्रॉपरनंच घाला, दोन-तीन वेळा धुवा.

रंग आणि दाब

गुणसूत्रं रंगवणारं ॲसिटोकारमाइन तयार मिळतं, तेच घेतलेलं बरं. करायचंच असेल तर 45 मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, 55 मिली पाणी आणि 1 ग्रॅम कारमाइन. मोकळ्या हवेत, चंचूपात्राच्या तोंडावर काचेचं नरसाळं ठेवून, मंद आचेवर अर्धा तास, मग गार करून गाळून गडद बाटलीत. कारमाइन हा लाल रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यापासून काढतात आणि थोडं लोह मिळालं की तो गुणसूत्रांवर अधिक गडद चढतो. म्हणूनच जुने लोक स्लाइडवरचा थेंब लोखंडी सुईनं ढवळतात. दोन-चार वेळाच ढवळा. जास्त झालं की काळा गाळ बसतो आणि तो पेशींवर शाईच्या डागांसारखा दिसतो. प्रयोगशाळेत सॅफ्रानिन हा दुसरा लाल रंग पडलेला असतो म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. त्यानं केंद्रक रंगतं, पण भित्तिकाही रंगतात आणि गुणसूत्रांच्या भुजा वेगळ्या करणं अवघड जातं.

तुकडे रंगात 15 ते 30 मिनिटं राहू द्या. आता हातभिंगातून नीट पाहा. टोकाचा एक-दीड मिलिमीटर भाग गर्द लाल झालेला असतो आणि मागचा फिका राहतो. हा गर्द भाग म्हणजेच विभाजी ऊती, जिथे पेशी विभागत असतात. तिथे पेशी लहान, केंद्रकं मोठी आणि दाट असतात म्हणून रंग एकवटतो. स्लाइडवर तुकडा घेऊन ब्लेडनं तेवढाच गर्द भाग ठेवायचा, बाकीचा उचलून फेकायचा. नव्वद टक्के स्लाइड इथेच वाचवता येतात असं म्हटलं तरी चालेल. अख्खा सेंटिमीटर झाकणाखाली घातला की मागच्या जाड भागामुळे काच उचललेली राहते, टोक दाबलं जात नाही, आणि मूल लांबट रिकाम्या पेशीच बघत बसतं.

गर्द भागावर 45 टक्के ॲसिटिक ॲसिडचा किंवा ताज्या रंगाचा एकच लहान थेंब टाका. दोन सुयांनी तुकडा बारीक करा. आच्छादन काच एका कडेनं टेकवून हळूच खाली सोडा. स्पिरिट लॅम्पच्या ज्योतीवरून स्लाइड तीन-चार वेळा झरझर फिरवा. हाताच्या पाठीला लावून चटका बसणार नाही इतपतच गरम हवी, थेंब उकळला की आत बुडबुडे भरतात.

मग स्लाइड सपाट टेबलावर, वर दोन पदरी गाळणकागद. आच्छादन काचेचा एक कोपरा डाव्या हाताच्या बोटानं धरून ठेवा आणि पेन्सिलच्या मागच्या टोकानं मधोमध हलकेच दहा-पंधरा वेळा ठोका. ठिपका ढगासारखा विरत गेलेला दिसला पाहिजे. नंतर अंगठा ठेवून सरळ खाली, पूर्ण जोरानं दाबा. अंगठा बाजूला सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात आणि लांब दोऱ्यासारख्या दिसतात, ती स्लाइड गेलीच समजा. काच तुटली तर दाब जास्त नव्हता, खाली वाळूचा कण होता किंवा तुकडा जाड होता.

घाईच्या दिवशी, स्थिरक नसेल तर, ताजी मुळं थेट नऊ भाग ॲसिटोकारमाइन आणि एक भाग 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात घड्याळकाचेत घ्या, तीन-चार वेळा हळू गरम करा, झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि वरच्याप्रमाणेच दाबा. चित्र थोडं कमी स्वच्छ येतं, पण तासाभरात काम होतं.

काय दिसतं

आधी 10 च्या वस्तुभिंगाखाली, म्हणजे 100 पटीवर, सगळी स्लाइड फिरवा. कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू वापरा, उजेड खिडकीतून घ्या पण थेट सूर्याकडे आरसा कधीच करू नका, डोळ्याला इजा होते. डायफ्राम थोडा मिटला की कडा उठून दिसतात. लहान चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशी सापडल्या की तिथे थांबा आणि मग 40 किंवा 45 चं भिंग लावा. पेशी लांबट आणि केंद्रक लहान असेल तर तुम्ही मुळाच्या मागच्या भागात आहात. काळ्या जाड कडेचं, आत काहीच नसलेलं गोल वर्तुळ म्हणजे हवेचा बुडबुडा.

बहुसंख्य पेशी मध्यंतरावस्थेतच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, असतील, केंद्रक गोल, दाणेदार, आत एक-दोन लहान गोल केंद्रकी. याला विश्रांती म्हणू नका. याच काळात डीएनए दुप्पट होतो, म्हणूनच पुढे प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रं दिसतात.

पूर्वावस्थेत केंद्रकात गुंतलेले जाड दोरे दिसू लागतात आणि केंद्रकी नाहीशी होत जाते. पूर्वावस्था जास्त वेळ चालते म्हणून तिच्या पेशी सर्वाधिक मिळतात. मध्यावस्थेत सर्वांत जास्त गोंधळ होतो. पुस्तकात गुणसूत्रं एका रेषेत नीट मांडलेली असतात. प्रत्यक्षात फक्त गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन अर्धगुणसूत्रं जिथे जोडलेली असतात ती जागा, मध्यरेषेवर असतात, लांब भुजा दोन्हीकडे विस्कटलेल्या असतात, त्यामुळे बाजूनं पाहिलं तर झालर लावलेली पट्टी दिसते. आणि पेशी ध्रुवाकडून, म्हणजे गुणसूत्रं जिकडे ओढली जातात त्या टोकाकडून, दिसत असेल तर रेषा नसतेच, भुजा बाहेर केलेलं कडं दिसतं. दोन्ही मध्यावस्थाच.

पश्चावस्था चुकत नाही. दोन गट एकमेकांपासून दूर जात असतात, प्रत्येक गुणसूत्र व्ही किंवा जे आकाराचं, वाकलेलं टोक ध्रुवाकडे आणि भुजा मागे ओढल्या जात असलेल्या. ही अवस्था सर्वांत कमी वेळाची, म्हणून एका स्लाइडवर दोन-चारच सापडतात, नाहीच सापडली तर दुसरी स्लाइड करा. इथे गुणसूत्रं मोजली तर दोन्ही गट मिळून 32 होतात, प्रत्येकी 16. अंत्यावस्थेत दोन गट दाट गोळे होतात आणि मधोमध पेशीपटल, म्हणजे नव्या भित्तिकेची सुरुवात, उमटू लागतं. ते मधून कडेकडे वाढत जातं.

आता जे दिसणार नाही तेही लक्षात घ्या. प्राणीपेशीत ध्रुवांवर असतं तसं तारककेंद्र कांद्याच्या पेशीत नसतं, आणि गुणसूत्रं ओढणाऱ्या तर्कूचे तंतू ॲसिटोकारमाइननं रंगत नाहीत. पेशी मधून चिमटल्यासारखी होणं हे प्राण्यांच्या पेशीत होतं, इथे नाही. तरी प्रात्यक्षिकाच्या वहीत तारककेंद्र, तर्कू आणि खाच काढलेली चित्रं सर्रास असतात, कारण ती प्राणीपेशीच्या आकृतीवरून उतरवलेली असतात. वहीत फक्त भिंगातून दिसलेलं काढा. तिरकी, विस्कटलेली, एक गुणसूत्र बाजूला पडलेली मध्यावस्था जशी असेल तशीच काढणं हाच या प्रयोगाचा खरा अभ्यास आहे, आणि परीक्षकांनीही अशा चित्राला गुण द्यावेत.

मोजणी

वेगवेगळ्या ठिकाणची सात-आठ क्षेत्रं घ्या आणि किमान 400 पेशी मोजा. एकाच दाट जागी मोजलं की आकडा फसवा येतो. समजा 400 पैकी 36 पेशी विभाजनाच्या कोणत्याही अवस्थेत आहेत, तर विभाजन निर्देशांक 9 टक्के झाला. 20 अंशाच्या आसपास कांद्याच्या मुळातलं पेशीचक्र सुमारे 17 तासांचं असतं, म्हणजे या मुळात विभाजनाला साधारण दीड तास लागला असा अंदाज काढता येतो. अवस्थानिहाय आकडे घेतले तर त्याच पद्धतीनं प्रत्येक अवस्थेचा वेळ निघतो. निर्देशांक एक-दोन टक्क्यांवर आला तर पाणी, तापमान आणि कापण्याची वेळ या तीन गोष्टी त्याच क्रमानं तपासा.

सोळा गुणसूत्रं सुटी मोजायची असतील तर नेहमीच्या स्लाइडवर ती एकमेकांवर पडलेली असतात. त्यासाठी कापलेली ताजी मुळं स्थिरकात टाकण्याआधी बर्फाच्या पाण्यात 24 तास ठेवा. बर्फ थर्मासमध्ये भरला तर रात्री लाइन गेली तरी अडत नाही. थंडीनं तर्कूच्या सूक्ष्मनलिका मोडतात, पेशी मध्यावस्थेजवळ अडकतात आणि गुणसूत्रं आखूड होऊन पसरतात. या मुळांत पश्चावस्था मिळणार नाही, म्हणून अवस्था पाहायची मुळं आणि मोजायची मुळं वेगळ्या बाटल्यांत, चिठ्ठी लावून ठेवा.

चांगली जमलेली स्लाइड आठवडाभर टिकवायची असेल तर आच्छादन काचेच्या चारही कडा नेलपॉलिशनं बंद करा. नेलपॉलिश लावण्याआधी कडेचा ओलावा गाळणकागदानं टिपून घ्या, ओल्या काचेवर ते धरत नाही. उरलेल्या आम्लात खायचा सोडा थोडा थोडा टाका, फेस येणं थांबलं की भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. आम्ल हातावर पडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा.